बार्शी लाईटवरच्या आमच्या जुन्या स्टेशनचं काय करायचं?

धनकवडीचा_धाराशिवकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं मनात होतं, मागच्या आठवड्यात गावी जाऊन आलो आणि आता राहवेना म्हणून धागा काढतोय. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, बार्शी लाईटवर स्टेशन मास्तर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कुर्डुवाडीहून बार्शी, येडशी करत लातूरला जाणारी अडीच फुटी रुळांची छोटी गाडी होती, तिला आमच्याकडं सगळे बार्शी लाईटच म्हणायचे. कंपनी जाऊन सरकार आलं तरी नाव तेच राहिलं. आजोबांचं शेवटचं स्टेशन येडशीच्या पुढं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली सांगतो.

ब्रॉडगेज करताना नवीन लाईन धाराशिववरून (तेव्हाचं उस्मानाबाद) वळवली, त्यामुळं जुन्या रस्त्यावरचं आमचं स्टेशन बाजूला पडलं. रूळ उचलून नेले, स्लीपर गेले, भराव शेतात मिसळून गेला. इमारत मात्र उभी आहे. काळ्या दगडाच्या दोन खोल्या, पुढं पडवी, कौलं निम्मी गेलीत, आत वडाचं रोप भिंतीत घुसलंय. तिकीट खिडकीची जाळी चोरीला गेली पण खिडकीखालचा दगड आहे आणि त्याला मधोमध खळगा पडलाय. नाणी सरकवून सरकवून पडलेला. मी लहानपणी त्या खळग्यात बोट घालून बसायचो.

आता प्रश्न. मामाला गावात कुणीतरी सांगितलं की जागा मोकळी करणार आहेत. नक्की कोण करणार, कधी करणार, काही कळत नाही. मी एका कार्यालयात अर्ज दिला, पोच मिळाली, पुढं काही नाही. नाव लिहिलं तर उद्या उरलेले दगड पण कुणी उचलून नेईल म्हणून लिहीत नाही.

तुम्हाला काय वाटतं? अशी छोटी इमारत वाचवता येते का? वाचवावी का? आणि बार्शी लाईटबद्दल कुणाकडं काही आठवणी, फोटो, माहिती असेल तर इथं टाका प्लीज. आईला वाचून दाखवणार आहे, ती त्याच स्टेशनच्या क्वार्टरमध्ये वाढली.

सिंहगडरोडी

वाचनखूण साठवली. खळग्याचं वाचून पोटात काहीतरी झालं.

कुर्डुवाडी_जंक्शन

अरे वा, घरचा विषय! आमचे वडील कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपला फिटर होते, आता मी वारज्यात. थोडी माहिती देतो.

कुर्डुवाडीचं जुनं नाव बार्शी रोड. स्टेशनच्या नावात रोड असला की समजायचं गाव लांब आहे. मुंबई-सोलापूर मेन लाईन बार्शीला न जाता वीस-बावीस मैलांवरून गेली, आणि बार्शी तर कापसाची, धान्याची मोठी पेठ. सगळा माल बैलगाडीनं बार्शी रोडला आणायचा. हे अंतर भरून काढायला एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनियरनं ही लाईन काढली. तो आधी जीआयपीमध्येच (ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, त्या मेन लाईनची कंपनी) नोकरीला होता. १८९५ ला लंडनला कंपनी रजिस्टर झाली आणि १८९७ ला गाडी सुरू. मग १९०६ ला पंढरपूर, १९०७ ला तडवळे, १९११ ला लातूर, आणि शेवटी १९२७ ला पंढरपूरहून मिरज. एकूण २०२ मैल. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारनं विकत घेतली.

म्हणजे तुमचं स्टेशन तडवळे-लातूर टप्प्यातलं असेल तर १९११ च्या आसपासचं, त्याच्या अलीकडचं असेल तर १९०७ चं. कसंही धरलं तरी शंभरी पार.

पेठेतला_पांथस्थ

विरोधी सूर लावतो, राग मानू नका. प्रत्येक जुनी इमारत वाचवायची ठरवली तर राहायचं कुठं? पुण्यात वाडे पडले, आमचाही पडला, त्यात माझा जन्म झाला होता. वाईट वाटलं, पण गळक्या छपराखाली म्हाताऱ्या आईला ठेवणं त्याहून वाईट होतं. दोन खोल्यांचं ओसाड स्टेशन, जिथं गाडी येत नाही, माणूस येत नाही, तिथं पैसे घालून करायचं काय? फोटो काढा, आठवणी लिहून ठेवा, बास.

नीरा_काठची

@पांथस्थ, वाडा तुमच्या मालकीचा होता म्हणून निर्णय तुम्ही घेतलात. स्टेशन सगळ्यांचं असतं ना पण? आमच्या नीरा स्टेशनवर माझं अख्खं कॉलेज झालंय, रोज पुण्याला ये-जा. उद्या ते पाडलं तर मला कुणी विचारणार नाही, पण माझं काहीतरी जाईलच की.

मीटरगेज_आजोबा

वय वर्षे ७८, मुक्काम कोथरूड. नीराताईंनी नीरेचं नाव काढलं म्हणून लिहितो. पुणे-मिरज लाईन १९७१ पर्यंत मीटरगेज होती हे आताच्या मुलांना सांगितलं की आश्चर्य वाटतं. मुंबईहून कोल्हापूरला जायचं तर पुण्यात उतरायचं, हमालाच्या डोक्यावर ट्रंक द्यायची आणि धावत मीटरगेजच्या डब्यात जागा धरायची. मी आठ वर्षांचा असताना धाकट्या बहिणीला खिडकीतून आत टाकलं होतं जागा धरायला, आणि मग वडिलांना दार सापडेना, डबा गच्च. ती आत रडतेय, आम्ही बाहेर. आज ती ७२ ची आहे आणि अजून ही गोष्ट प्रत्येक लग्नात सांगते.

कोल्हापूरची लाईन १८९१ ची, संस्थानानं बांधलेली.

लातूर_ते_वाकड

मी लातूरची. मला छोटी गाडी आठवते, आजीबरोबर बार्शीला भगवंताच्या दर्शनाला गेलेले. येडशीच्या घाटात इतकी हळू चालायची की पोरं उतरून सीताफळं तोडून परत चढायची (आमच्या आईनं बघितलंय, मी नाही). लातूरचं जुनं स्टेशन गावातच होतं, ब्रॉडगेजला नवीन स्टेशन गावाबाहेर झालं. रिक्षावाले बरेच दिवस विचारायचे, जुनं का नवं?

पण खरं सांगू का, आम्हाला ब्रॉडगेजच हवी होती. २००८ नंतर लातूरहून रात्री बसलं की सकाळी मुंबई. आधी पुण्याला यायचं तर एसटीशिवाय पर्याय नव्हता, छोट्या गाडीनं कुर्डुवाडी गाठून गाडी बदलायला कुणाला वेळ होता. त्यामुळं गळा काढून रडणाऱ्यांना मी एवढंच विचारते, तुम्ही रोज बसला असतात का त्या गाडीत?

धनकवडीचा_धाराशिवकर

@लातूर_ते_वाकड ताई, तुमचं पटतंय. लाईन बंद केली याबद्दल माझी तक्रारच नाही. मी स्वतः त्याच ब्रॉडगेजनं गावी जातो. प्रश्न फक्त मागं राहिलेल्या दोन खोल्यांचा आहे.

@कुर्डुवाडी_जंक्शन, लाख लाख धन्यवाद. आईला वाचून दाखवलं, तिला तडवळे ऐकून एकदम आठवलं, आजोबांची पहिली नेमणूक तिथंच होती म्हणे.

गोळा_आणि_कडं

निवृत्त रेल्वेवाला, ३६ वर्षं सर्व्हिस. बार्शी लाईटवर नव्हतो, पण स्टेशन मास्तरकीत आयुष्य गेलं.

धागाकर्ते, आईंना एक विचारा. आजोबा चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला वेताचं मोठं कडं द्यायचे का? त्या कड्याच्या पिशवीत एकतर धातूचा गोळा असायचा किंवा लाईन क्लिअरचा, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याचा, कागद. तत्त्व एकच. दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ, तर त्यावर एका वेळी एकच गाडी, आणि ज्या ड्रायव्हरच्या हातात तो पुरावा तोच पुढं जाणार. गोळ्याच्या मशीनमध्ये दोन्ही स्टेशनं विजेच्या तारेनं जोडलेली, समोरच्यानं परवानगी दिल्याशिवाय गोळा बाहेर पडतच नाही. कागदावर काम असेल तर सगळी जबाबदारी मास्तरच्या सहीवर. रात्री दोन वाजता पावसात कंदील घेऊन उभं राहून ते कडं वर धरायचं, आणि चालत्या इंजिनवरचा फायरमन हात घालून उचलायचा. चुकलं तर कड्याचा फटका हातावर. माझ्या उजव्या मनगटावर अजून वण आहे.

म्हणून मला त्या दोन खोल्यांचं महत्त्व वाटतं. त्या खोलीत बसून एक माणूस ठरवायचा की गाडी जाईल का नाही.

सिंहगडरोडी

@गोळा_आणि_कडं काका, दंडवत. तुम्ही स्वतंत्र धागा काढा हो.

चहाबाज

काका, काढाच. आणि आम्ही लाईन क्लिअर दिल्याशिवाय पुढचा प्रतिसाद टाकू नका :)

कुर्डुवाडी_जंक्शन

अवांतर होईल पण सांगतोच, कॅल्थ्रॉपचं खरं डोकं कुठं चाललं ते. रूळ हलके आणि स्वस्त घालायचे, पण डबे मात्र मोठे. हे जमवायचं कसं? तर प्रत्येक आसावर जास्तीत जास्त ५ टन वजन, मग इंजिन असो की वॅगन. वजन जास्त आहे? चाकं वाढवा. म्हणून त्याच्या पहिल्या इंजिनांना भार वाटून घ्यायला चाकांच्या जोड्याच जोड्या. इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीची, वॅगन पण लीड्सलाच बनलेल्या, आणि इकडं पाठवायच्या आधी तिथं तात्पुरते रूळ टाकून चाचणी घेतली, लोकांना बोलावून दाखवली. आपल्या बार्शीची गाडी आधी इंग्लंडात धावली म्हणायची. पुढं या माणसानं विमानातून उडी मारायचं पॅराशूट पण बनवलं, गार्डियन एंजल नावाचं. रेल्वेतून पॅराशूटकडं कसा गेला देव जाणे.

वडील सांगायचे, आषाढीला पंढरपूरच्या गाड्यांना डबे कमी पडायचे म्हणून मालाच्या वॅगनमध्ये वारकरी बसायचे. आत गच्च, टाळ वाजतायत, आणि इंजिनाची शिट्टी मध्येच सूर धरतेय.

खंडाळा_खिंडकर

पुण्याच्या जवळचं एक हरवलेलं स्टेशन कुणी काढलं नाही अजून. बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन! खंडाळा ते पुणे गाडी १४ जून १८५८ ला सुरू झाली, पण घाट तयार नव्हता. मुंबईची गाडी खोपोलीला थांबायची, तिथून पालखी नाहीतर तट्टू करून वर यायचं आणि खंडाळ्याला परत गाडीत बसायचं. १८६३ ला घाट खुला झाला. चढ इतका तिखट, सदतिसास एक, आणि वळायला जागा नाही. म्हणून मध्ये एका डोंगराच्या टोकावर स्टेशन केलं, गाडी तिथं शिरायची, इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मग उलट्या दिशेनं पुढचा चढ. विजेची गाडी येताना १९२९ मध्ये नवीन बोगदे काढले आणि ते स्टेशन गेलं. पाठोपाठ १ जून १९३० ला डेक्कन क्वीन.

घाटाच्या कामावर १८६१ च्या सुमाराला चाळीस हजारांवर मजूर होते. कॉलऱ्यानं किती गेले त्याला हिशोब नाही. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, ठेका पुढं चालवला. त्या काळात!

चहाबाज

अमृतांजन पूल म्हणजे त्याच रेल्वेचा ना? पाडला तो.

खंडाळा_खिंडकर

नाही हो, हा गैरसमज खूप आहे. तो पूल १८३० चा, आणि आपल्याकडं पहिली गाडीच १८५३ ला धावली. तो रस्त्याचा पूल. औषधाची पाटी लागली म्हणून नाव पडलं. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये एक्सप्रेसवे रिकामा होता तेव्हा सुरुंग लावून पाडला. मला तो दिवस आठवतो, व्हॉट्सअपवर व्हिडिओ आला आणि आमच्या सोसायटीत सगळ्यांच्या गप्पा एकदम बंद झाल्या. १९० वर्षांचा पूल काही सेकंदात खाली.

पेठेतला_पांथस्थ

आणि त्या पुलाच्या खांबांमुळं एक्सप्रेसवेवर रोज कोंडी व्हायची, तेही लिहा ना. मी तासतासभर अडकलोय तिथं. हायवेच्या मधोमध आलेली वस्तू आणि शेताच्या कडेला पडलेली वस्तू यात फरक आहे हे मात्र मान्य करतो. धाराशिवकरांच्या स्टेशनमुळं कुणाचं अडत नाहीये, बरोबर?

धनकवडीचा_धाराशिवकर

बरोबर. शेजारी एक बोरीचं झाड आहे आणि शेळ्या. बास.

पेठेतला_पांथस्थ

मग माझा विरोध अर्धा कमी झाला. पैशांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे.

स्थापत्य_साठे

आर्किटेक्ट आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो. कायद्याचं थोडं. शंभर वर्षं झाली की इमारत आपोआप संरक्षित होते असा समज आहे, तसं नाहीये. १९५८ च्या केंद्राच्या कायद्यात शंभर वर्षं ही किमान अट आहे, त्यापुढं सरकारनं तसं जाहीर करावं लागतं. छोट्या स्टेशनला ते मिळणं अवघड. राज्याचा वेगळा कायदा आहे, पण तिथंही रांग मोठी. त्यामुळं कायद्याची वाट बघण्यात वेळ घालवू नका.

करण्यासारखं काय ते सांगतो. सगळ्यात आधी मोजमाप. भिंतीची जाडी, दारं-खिडक्यांची मापं, कौलाखालची लाकडी कैची कशी आहे, दगडाची घडण, चुना वापरलाय की माती, सगळं कागदावर. इमारत उद्या गेली तरी कागद राहतो आणि वाचली तर दुरुस्तीला तोच लागतो. दुसरं, ते वडाचं रोप नुसतं उपटू नका. मूळ भिंतीच्या आत असतं, ओढलं की दगडासकट येतं. वरून छाटून मुळाला औषध लावून मारावं लागतं, एक-दोन पावसाळे लक्ष ठेवावं लागतं. आणि सिमेंट अजिबात नको. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतलं पाणी आत कोंडतं आणि दगडाचे पापुद्रे निघतात. ही चूक मी पुण्यातल्या डझनभर देवळांत बघितलीय, प्रेमानं केलेली असते आणि तीच इमारत मारते.

नीरा_काठची

ही चुन्याची माहिती आमच्या गावच्या देवस्थानवाल्यांना पाठवतेय आत्ताच.

लीड्सवाली_मावशी

पुणेकर पण १४ वर्षं इंग्लंडात. कॅल्थ्रॉपचं नाव वाचून उडालेच! इथं स्टॅफर्डशायरमध्ये त्याचीच एक अडीच फुटी लाईन होती, लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ ला सुरू. इंजिनं पण किटसनचीच, आपल्या बार्शीच्या अनुभवावरूनच केलेली, आणि त्यातल्या एका इंजिनाचं नाव ई. आर. कॅल्थ्रॉप. डेअरीचं दूध आणि सुट्टीचे प्रवासी, एवढाच धंदा. चालली तीस वर्षं, १९३४ ला बंद.

आता ऐका पुढचं. रूळ काढल्यावर ती पट्टी कौन्सिलकडं दिली आणि १९३७ पासून तो पायी चालायचा रस्ता आहे. नदीच्या काठानं, एका बोगद्यातून. मी मुलांना घेऊन सायकलवर गेलेय. टोकाला हल्म एंड नावाचं स्टेशन आहे, तिथल्या तिकीट ऑफिसात माहिती केंद्र केलंय आणि इंजिन शेडच्या जागी चहा मिळतो. आपल्या मास्तरांच्या स्टेशनएवढंच, दोन खोल्यांचं. मी तिथं चहा पीत बसले होते आणि भिंतीवरच्या माहितीत बार्शी हे नाव वाचलं. परक्या देशात, पावसात, बार्शी! नवऱ्याला फोन करून ओरडून सांगितलं. तो कुर्डुवाडीचा जावई नाही म्हणून त्याला काही कळलं नाही, ते सोडा.

कुर्डुवाडी_जंक्शन

मावशी, अंगावर काटा आला. लीड्सला बनलेली गाडी बार्शीला आली आणि बार्शीचं नाव परत तिकडं जाऊन भिंतीवर लागलं.

चहाबाज

मुद्दा क्रमांक एक, तिथं चहा मिळतो. ठरलं, मी या योजनेच्या बाजूनं.

पेठेतला_पांथस्थ

इंग्लंडात सायकलवाले येतात म्हणून चहा खपतो. येडशीच्या पुढं मे महिन्यात ४२ डिग्रीत कोण येणार माहिती केंद्र बघायला? पॅरिसचं दॉर्से स्टेशन म्युझियम झालं, १९०० चं स्टेशन आणि १९८६ ला म्युझियम, सगळे त्याचं उदाहरण देतात. ते पॅरिस आहे. गावाला काय हवंय ते आधी गावाला विचारा.

लातूर_ते_वाकड

पांथस्थकाकांशी इथं मी सहमत. गावाला विचारा. आमच्याकडं विचारलं असतं तर लोक म्हणाले असते, पाणी द्या.

आणि त्यावरून आठवलं, हे लिहिल्याशिवाय बार्शी लाईटचा इतिहास पूर्ण होत नाही. २०१६ चा उन्हाळा. लातूरला नळाला महिना महिना पाणी नाही, टाक्यांभोवती जमावबंदी लावलेली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला १० वॅगन, साधारण ५ लाख लिटर, नंतर ५० वॅगनची २५ लाख लिटरची गाडी. कुठल्या रस्त्यानं आली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे जवळजवळ पूर्ण बार्शी लाईट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. शंभर वर्षांपूर्वी कापूस आणि वारकरी वाहायला आखलेला रस्ता, त्यावरून आमचं प्यायचं पाणी आलं. मी तेव्हा लातुरातच होते, पहाटे स्टेशनकडं माणसं पळत होती. आमच्या शेजारच्या काकूंनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं.

आणि नॅरोगेज असती तर ते झालं नसतं हेही खरं. दोन्ही खरं आहे.

मीटरगेज_आजोबा

बेटा, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. हिला वाचून दाखवला. फार छान लिहिलंस.

गोळा_आणि_कडं

+१. त्या पाणीगाडीला प्रत्येक स्टेशनवर रस्ता मोकळा करून दिलेला असणार. त्या रात्री ड्युटीवर असलेल्या प्रत्येक मास्तरला ती गाडी जन्मभर लक्षात राहिली असेल.

भांबुर्डा_१९३०

उशिरा आलो. आयडीवरून कळलं असेल, शिवाजीनगर स्टेशनचं जुनं नाव भांबुर्डा, आमचे पणजोबा तिथंच उतरायचे. पुणे स्टेशनची आत्ताची इमारत पण २७ जुलै १९२५ ला गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या हस्ते उघडली, म्हणजे शंभर झाली. रोज हजारो लोक त्यातून जातात आणि वर मान करून बघत नाहीत. मी पण बघत नव्हतो, हा धागा वाचून परवा पहिल्यांदा पोर्चखाली थांबून नीट बघितली. मागनं एक बाई बॅग घेऊन धडकल्या, त्यांना सांगितलं शंभर वर्षं झाली हिला, त्या पण थांबून बघायला लागल्या.

कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे ते मुलांना नक्की दाखवा. सिग्नल, घाट, सगळं हलतं. माझ्या नातवाला गोळा, कडं हे शब्द समजावायला तिथंच नेणार आहे.

सिंहगडरोडी

धागाकर्ते कुठं गेले? आठवडा झाला. काय झालं पुढं?

धनकवडीचा_धाराशिवकर

आलो आलो. गावी गेलो होतो, आईला घेऊन.

सगळ्यांचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले. गोळाकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो. वेताचं कडं होतं, आणि त्यात कागद असायचा. आई म्हणाली कागद भरताना आजोबा घरात कुणाशी बोलायचे नाहीत, पोरं रडली तरी. सही झाली की पेन खिशाला लावायचे आणि मग विचारायचे, काय झालं रे. तिला वाटायचं बाबा रागीट आहेत. तुमचा प्रतिसाद ऐकल्यावर ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली मला आज कळलं.

साठेसाहेब, मोजमाप घेतलं. मी, मामा आणि मामाची पुतणी (ती डिप्लोमा करतेय, तिला टेप धरता येतो, आम्हाला येत नव्हता). भिंत बावीस इंच भरली. आत चुनाच आहे, बोटानं भुरभुर निघतो. वडाला हात लावला नाही. मागच्या खोलीत कौलाखाली पुठ्ठ्याची जुनी तिकिटं सापडली, उंदरांनी खाल्लेली, तीन शाबूत. छोटी, जाड, बोटाच्या पेराएवढी लांब, एकावर तारखेचा ठसा नुसता दाबलेला, शाई नाहीच. तो ठसा उन्हात तिरका धरला की दिसतो. सन वाचता येत नाही, महिना वाचता येतो.

पांथस्थकाका, तुमचं ऐकून गावाला विचारलं. पारावर आठ-दहा जण होते. माहिती केंद्र वगैरे कुणाला नकोय. सरपंच म्हणाल्या शाळेच्या पोरींना एसटीची वाट बघत उन्हात उभं राहावं लागतं, फाटा स्टेशनपासून दोनशे पावलांवर आहे. पडवीवर कौलं घातली, दोन बाकडी टाकली तर पोरी तिथं बसतील. म्हणजे परत वाट बघायची जागाच. जमीन कुणाच्या नावावर आहे त्याचा उतारा काढतायत, परवानगी ग्रामपंचायतीच्या ठरावासकट मागणार. मिळेल न मिळेल, पण आता अर्ज माझ्या एकट्याचा नाही.

पेठेतला_पांथस्थ

पडवीच्या कौलांचे पैसे किती होतील ते साठेंना विचारून कळवा. मी देतो थोडे. वाड्याची कौलं विकली होती आम्ही, त्याचे पैसे कसे खर्च झाले ते आठवतही नाही.

स्थापत्य_साठे

जुनी मंगलोरी कौलं शोधू, नवीन मापात बसणार नाहीत. पुढच्या रविवारी मी स्वतः येतो, वडाचं औषध आणि शिडी घेऊन. कैची बघितल्याशिवाय कुणी वर चढू नका. परवानगी येईपर्यंत फक्त बघायचं आणि मोजायचं, एक दगड हलवायचा नाही.

गोळा_आणि_कडं

माझ्याकडं वेताचं एक कडं आहे, निवृत्तीला पोरांनी दिलेलं. आईंच्या हातात द्यायचं आहे. साठेसाहेब, गाडीत जागा आहे का?

स्थापत्य_साठे

आहे काका. पहाटे पाचला निघू, वारजे पुलाखाली थांबा.

कुर्डुवाडी_जंक्शन

वारजे पुलाखाली मी पण. दुपारचा डबा माझ्याकडं, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी, पाच जणांचा धरतोय.